करंगळीपाशी धरलेला निखारा

मे महिन्यातल्या नागपुरात कूलर बंद करून बसणं म्हणजे काय असतं, ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. माझी भाची गेल्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी चाळीस मिनिटं तशी बसत होती. पलंगावर पाय लांब केलेले, पाठीशी दोन उशा, हात पोटावर. खाली मोढ्यावर जावई. त्याच्या हातात चिरूटाएवढी जाड कांडी, टोकाला निखारा, आणि तो निखारा तिच्या पायाच्या करंगळीपासून जेमतेम दोन बोटं लांब. कूलरच्या वाऱ्यानं निखारा भडकतो आणि राख तिच्या पायावर पडते, म्हणून कूलर बंद. दुसऱ्या हाताचं एक बोट त्यानं तिच्या करंगळीला टेकवून ठेवलेलं असायचं, चटका बसायचा तर आधी आपल्याला कळावा म्हणून. मोबाइलवर वीस मिनिटांचा टायमर. तो वाजला की दुसरा पाय. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं, "कायचा वास येऊन राहिला बाप्पा? काही जळून राहिलं का तुमच्याकडे?"

तेहतिसावा आठवडा संपत आला होता आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ब्रीच' असं लिहून आलं होतं. बाळाचं डोकं वर, बूड खाली. डॉक्टर म्हणाल्या, "अजून वेळ आहे, फिरेल. नाही फिरलं तर सिझर करू." पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची. बाहेर रांग मोठी होती, त्यामुळे आणखी विचारायला जागाच नव्हती. 'फिरेल' आणि 'सिझर' या दोन शब्दांमध्ये जे पंधरा दिवस रिकामे पडले होते, त्यात, बाळ फिरावं म्हणून, मोक्सा नावाचा हा चिनी निखारा आमच्या घरात आला. मला त्या निखाऱ्याबद्दल बोलायचं आहेच, पण त्याहून जास्त त्या रिकाम्या दिवसांबद्दल.

या बाळाला मराठीत आधीपासून नाव आहे: पायाळू. खरं तर पायाकडून जन्मलेलं ते पायाळू, पण डोकं वर आहे म्हटलं की घरात हाच शब्द निघतो, आणि जन्माला यायच्या आधीच त्या जिवाच्या नावावर काय काय जमा होतं. पायाळूवर वीज पडते, म्हणून पावसाळ्यात त्याला उघड्यावर जाऊ द्यायचं नाही. पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं. कमरेत उसण भरली तर पायाळूचा पाय पाठीला लावून घ्यायचा, उसण उतरते. हे शेवटचं आपलं निरुपद्रवी, गमतीचं. पण पायाळूला गुप्तधन दिसतं हा समज मुळीच गमतीचा नाही. त्यापायी पायाळू माणसांना रात्री-बेरात्री खड्ड्याच्या काठावर बसवल्याच्या बातम्या आपण विदर्भात वाचत आलो आहोत. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधन आणि पाण्याचे साठे शोधण्याच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, तो उगाच नाही. त्यामुळे 'बाळ पायाळू आहे' हे वाक्य घरात उच्चारलं गेलं की ते नुसतं सोनोग्राफीचं निदान राहत नाही. माझ्या बहिणीच्या सासूबाई ते ऐकून पाच मिनिटं गप्प बसल्या होत्या.

वैद्यकाच्या दृष्टीनं गोष्ट साधी आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्याला साधारण चारातलं एक बाळ डोकं वर करूनच बसलेलं असतं. दिवस भरेपर्यंत असं राहिलेली बाळं शंभरात तीन-चार उरतात. म्हणजे मधल्या काळात बहुतेक बाळं, कुणी काहीही न करता, आपली आपण कोलांटी मारतात. उरलेल्यांपैकी काहींना कारण असतं: गर्भाशयाचा आकार, गाठ, वार (प्लासेंटा) खाली असणं, बाळाभोवतीचं पाणी फार किंवा फार कमी असणं. पुष्कळदा काहीच कारण सापडत नाही. 'आपली आपण फिरतात' हा तुकडा हाताशी ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ती मोक्साची कांडी. अ‍ॅक्युपंक्चरवाले सुयांच्या जोडीनं ती वापरतात. ज्या झाडपाल्यापासून ती करतात ते झुडूप आर्टेमिसिया प्रजातीतलं, म्हणजे आपल्या दवण्याचं भावंड. चैत्रात ज्योतिबाला वाहतात तो दवणा. त्याची वाळलेली पानं कुटून, लोकरीसारखी मऊ करून कागदात घट्ट वळतात. चिनी वैद्यकात पायाच्या करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्यावर 'झीयिन' नावाचा बिंदू आहे. शरीरात ऊर्जेच्या वाहिन्या असतात असं ते वैद्यक मानतं, त्यातल्या मूत्राशयाच्या वाहिनीवरचा हा सदुसष्टावा आणि शेवटचा बिंदू. तिथं ऊब दिली की गर्भाशयाला आणि बाळाला चालना मिळते, बाळ हालचाल वाढवतं आणि फिरतं, असं ते शास्त्र सांगतं. साधारण तेहतिसाव्या ते पस्तिसाव्या आठवड्यात, रोज एकदा किंवा दोनदा, पंधरा-वीस मिनिटं, आठवडा-दोन आठवडे. कातडीला स्पर्श करायचा नाही, लाली येईपर्यंत फक्त शेक.

मला पहिल्यांदा हे ऐकून हसू आलं होतं. मग स्वतःचीच थोडी लाज वाटली, कारण याच आर्टेमिसियाच्या दुसऱ्या एका जातीतून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन निघालं. तू यूयू या चिनी बाईंनी जुन्या ग्रंथातल्या एका ओळीवरून ते शोधलं आणि 2015 साली त्यांना नोबेल मिळालं. त्या ओळीत ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्यावा असं होतं, उकळावी असं नव्हतं. त्यावरून त्यांना सुचलं की उष्णतेनं औषध मरत असावं, आणि त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला. पण त्यांना नोबेल मिळालं ते ग्रंथ जुना होता म्हणून नव्हे. अर्क काढला, उंदरांवर पाहिला, माणसांवर पाहिला, चालला. जुन्या ओळीनं फक्त दिशा दाखवली.

आणि 'प्राचीन चिनी' या शब्दांवर फार भाळूही नये. आज जे नीटनेटकं 'पारंपरिक चिनी वैद्यक' म्हणून जगभर शिकवलं जातं, त्याची घडी 1950च्या दशकात चीनच्या सरकारनं बसवली. हाती डॉक्टर कमी, लोकसंख्या अफाट, म्हणून गावोगावच्या भिन्न परंपरा एका अभ्यासक्रमात आणल्या. नागपूरकरांसाठी यात एक गंमत आहे. 1938 साली काँग्रेसनं चीनला जे पाच डॉक्टर पाठवले, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत, पण त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे आज नागपुरात किती जणांना ठाऊक आहे? हे पाचही जण चीनला सुया शिकायला गेले नव्हते. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला, आधुनिक वैद्यक घेऊन गेले होते. उलटी वाहतूक नंतर झाली: त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू पुढे पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनी ते भारतात रुजवलं. आज बागेतल्या गोट्यांवर अनवाणी चालणाऱ्या काकांपासून करंगळीच्या निखाऱ्यापर्यंत जे काही आहे, त्याची एक मुळी तिथवर जाते.

असो. मुद्दा हा की निखाऱ्यानं बाळ फिरतं का.

याची तपासणी झालेली आहे, आणि बरीच. सगळ्यात गाजलेली चाचणी 1998 साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आली. चीनच्या जिआंगशी प्रांतात तेहतिसाव्या आठवड्यातल्या 260 पहिलटकरणी घेतल्या, निम्म्यांना मोक्सा दिला, निम्म्यांना नाही. पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत मोक्साच्या 130 पैकी 98 बाळं फिरली. हा आकडा तुम्हाला कुठल्याही अ‍ॅक्युपंक्चरवाल्याकडे ऐकायला मिळेल, शंभरात पंचाहत्तर. दुसऱ्या गटाचा आकडा मात्र सहसा कुणी सांगत नाही. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यातलीही 130 पैकी 62 बाळं फिरली होती.

कांडी देणाऱ्या आमच्या अ‍ॅक्युपंक्चर थेरपिस्टनं तर शंभरात ऐंशी सांगितले होते. दहा दिवसांचं पॅकेज, कांड्या घरी नेऊन रोज लावायच्या, मधे दोनदा येऊन दाखवायचं. मी त्यांना विचारलं, "आणि तुमच्याकडे न येणाऱ्या बायकांची किती फिरतात?" ते गोड हसले. म्हणाले, "ताई, माझ्याकडे न येणाऱ्यांचा हिशेब मी कसा ठेवू?" उत्तर प्रामाणिक होतं, पण त्यात सगळा धंदा येऊन जातो. तेहतिसाव्या आठवड्याला मी दारात तांब्या घेऊन उभी राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईच्या पायावर गोरेवाड्याच्या तलावाचं पाणी शिंपडलं, तरी माझाही आकडा पन्नाशीच्या आसपास जाईल. चार बायका पेढे आणून देतील, आणि ज्यांचं फिरलं नाही त्या परत येणारच नाहीत.

पुढच्या चाचण्या काय म्हणतात? 1998च्या चाचणीच्याच संशोधकानं इटलीत प्रयोग केला, तो 123 बायकांवर अर्ध्यात थांबवावा लागला: मोक्सा घेतलेल्यांत 34 टक्के, न घेतलेल्यांत 36. जिनिव्हात 2009 साली 212 बायका घेतल्या, चौतीस आठवडे उलटून गेलेल्या: 18 टक्के आणि 16 टक्के. म्हणजे फरक नाहीच. मग 2013 साली स्पेनमध्ये 406 बायकांची चाचणी झाली, आणि ती मला सगळ्यांत हुशार वाटते, कारण त्यात एका गटाला खोटा शेक होता. निखारा तोच, धूरही तोच, पण करंगळीऐवजी अंगठ्यापाशी. करंगळीवाल्यांत 58 टक्के बाळं फिरली, अंगठ्यावाल्यांत 43, काहीच न केलेल्यांत 45. इथं फरक दिसला.

सगळ्या चाचण्या एकत्र तोलणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2023च्या आढाव्यात तेरा अभ्यास आणि दोन हजारांवर बायका आहेत. निष्कर्ष मोजूनमापून लिहिलेला: नेहमीच्या देखभालीसोबत मोक्सा दिला तर जन्माच्या वेळी बाळ उलटंच राहण्याची शक्यता बहुधा काहीशी कमी होते, साधारण तेरा टक्क्यांनी. हे तेरा टक्के कशाचे, ते सांगायला हवं. समजा मोक्साशिवाय शंभरातली साठ बाळं उलटी राहिली असती, तर मोक्सानं बावन्न राहतील. म्हणजे आठ बायकांना फायदा झाला. ऐंशी नव्हे, आठ. आणि सिझर टळण्याच्या बाबतीत फरक जवळजवळ दिसत नाही.

आठ म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. फारशी इजा नसलेल्या, घरी करता येणाऱ्या उपायानं शंभरात आठ बाळं फिरत असतील तर तो टाकाऊ नाही. आमच्या घरातल्या एका डॉक्टर भाच्यानं 'सब बकवास' म्हणून हात झटकला, तेव्हा मी त्याला स्पेनची चाचणी वाचायला दिली. पण तीनशे रुपयांच्या कांड्यांना साडेसहा हजारांचं पॅकेज लावून ऐंशीची भाषा करणं, हेही मला चालणार नाही. उपाय खरा निघाला तरी त्याची जाहिरात खोटी असू शकते.

इथं आणखी एक गोष्ट मला टोचते. आपल्या विदर्भातच, मेळघाटात, तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की गावातला भुमका, म्हणजे तिथला वैदू-मांत्रिक, तापलेल्या विळ्यानं पोटावर चटके देतो. त्याला डंबा म्हणतात. दर पावसाळ्यात बातम्या येतात, आपण हळहळतो, अंधश्रद्धा म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. ते मूल भाजतं, कधी दगावतं. पण धंतोली-रामदासपेठेच्या वातानुकूलित खोलीत चिनी अक्षरांचा तक्ता भिंतीवर लावून निखारा पायाशी आणला की आपण त्याला थेरपी म्हणतो, आणि पावती मागतो. दोन्हीत मोठा फरक आहे, नाही असं नाही. मोक्सा कातडीला लागत नाही, आणि त्याची निदान तपासणी तरी झाली. पण आमच्या घरात कांडी आली तेव्हा यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. तपासणी मी नंतर वाचली. कांडी आली ती तक्त्याच्या, गुळगुळीत शब्दांच्या आणि इंग्रजी बोलणाऱ्या थेरपिस्टच्या भरवशावर. मेळघाटातली कोरकू आदिवासी आई ज्या भरवशावर भुमकाकडे जाते, त्यापेक्षा हा भरवसा काय मोठा वेगळा होता?

ती आई भुमकाकडे का जाते याचं एक उत्तर ठरलेलं आहे: दवाखाना लांब, आणि तिथं कुणी नीट बोलत नाही. आमचा दवाखाना लांब नव्हता, घरापासून दीड किलोमीटर. दुसरी अर्धी गोष्ट मात्र तीच होती.

कारण त्या दोन वाक्यांमध्ये डॉक्टरांनी जे सांगितलं नाही, ते बरंच होतं. पोटावर बाहेरून हात ठेवून, सोनोग्राफीत बघत, बाळाला हळूहळू कोलांटी मारायला लावता येते. त्याला ईसीव्ही म्हणतात. पहिलटकरणीला छत्तिसाव्या आठवड्यानंतर, इतरांना सदतिसाव्यानंतर करतात. गर्भाशय सैल पडायला इंजेक्शन देतात, आधी आणि नंतर बाळाचे ठोके बघतात, आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर त्याचं इंजेक्शन देतात, आणि ऑपरेशन थिएटर हाताशी तयार असतं. दुखतं, पण मिनिटांत संपतं. एकूण निम्म्या बायकांत यश येतं. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं रॉयल कॉलेज पहिलटकरणींत चाळीस टक्के आणि आधी बाळंत झालेल्यांत साठ टक्के सांगतं. त्यात ताबडतोब सिझर करावं लागण्याची वेळ दोनशेंत एकीवर येते. मोक्साच्या आठापुढे हे चाळीस-साठ ठेवून बघा.

गंमत म्हणजे, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. आमची आजी काटोलकडची. तिच्या गावची सुईण तेल लावून पोट चोळायची आणि बाळ फिरवायची, हे आजी मोठ्या अभिमानानं सांगायची. सुईणीला ठोके ऐकू येत नव्हते, वार कुठं आहे दिसत नव्हतं, आणि फसलं तर थिएटर नव्हतं. किती बाळं त्यात गेली ते आजीनं सांगितलं नाही, कुणी मोजलीही नसतील. पण हात तोच. सुईणीचा हात आपण घरातून हद्दपार केला, ते योग्यच झालं. दवाखान्यात मात्र तो हात कुणी शिकायचा, हा प्रश्न तसाच राहिला.

का राहिला, याला इतिहास आहे. 2000 साली 26 देशांतल्या दोन हजारांहून जास्त बायकांची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली: उलट्या बाळाचं ठरवून सिझर करावं की नैसर्गिक बाळंतपण होऊ द्यावं. बाळ दगावणं किंवा गंभीर इजा होणं सिझरमध्ये 1.6 टक्के, नैसर्गिकमध्ये 5 टक्के निघालं. त्यानंतर काही महिन्यांत जगभरच्या दवाखान्यांनी उलट्या बाळाचं बाळंतपण करणं जवळपास सोडून दिलं. त्या चाचणीवर पुढे पुष्कळ टीका झाली. दोन वर्षांनी त्याच मुलांकडे परत पाहिलं तेव्हा दोन्ही गटांत फरकही उरला नव्हता. पण तोवर एक अख्खी पिढी उलटं बाळ हातानं काढायला न शिकता डॉक्टर झाली होती. जे हात शिकलेच नाहीत, त्यांनी आज धाडस करावं असं मी म्हणणार नाही. रॉयल कॉलेजचेच आकडे आहेत: ठरवून केलेल्या सिझरमध्ये हजारी अर्धं बाळ दगावतं, उलट्या बाळाच्या नैसर्गिक बाळंतपणात हजारी दोन, आणि डोकं खाली असलेल्याच्या बाळंतपणात हजारी एक. हेही कुशल हातांमधले आकडे. सिझर निवडणारी बाई मूर्ख नसते आणि सिझर सुचवणारा डॉक्टर लुटारू नसतो.

पण म्हणूनच बाळ आधीच फिरवून घेणं महत्त्वाचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21च्या फेरीत देशात खासगी दवाखान्यांतली 47.4 टक्के बाळंतपणं सिझरनं झाली, सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के. जिथं निम्मी बाळंतपणं सिझरनंच होतात, तिथं एका उलट्या बाळासाठी वीस मिनिटं पोटावर हात ठेवून, अर्धा दिवस थिएटर राखून कोण बसेल? सिझरची तारीख देता येते, नर्स-भूलतज्ज्ञ जमवता येतात, मुहूर्तही साधतो. ईसीव्हीला मुहूर्त नाही. आणि पहिलं सिझर झालं की प्रश्न तिथंच संपत नाही: पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यात रुतण्याची भीती असते, आणि बहुतेक ठिकाणी दुसरं बाळंतपणही सिझरनंच होतं.

भाचीनं पुढच्या तारखेला स्वतःहून ईसीव्हीबद्दल विचारलं. "कशाला रिस्क घेता? आम्ही ते करत नाही," असं उत्तर मिळालं. करत नाही, हे मला मान्य. न येणारं काम न करणं हाच प्रामाणिकपणा. पण 'आम्ही करत नाही, अमुक ठिकाणी करतात, जाऊन विचारा' हे अर्धं वाक्य का म्हणू नये? ते न म्हटल्यामुळे जी पोकळी राहते, ती कुणीतरी भरणारच. आमच्याकडे ती एका कांडीनं भरली. दुसऱ्या कुणाकडे ती यूट्यूबवरच्या आसनांनी भरते, पोटावर बर्फाची पिशवी ठेवून भरते, कोराडीच्या देवीला ओटी भरून भरते. माझ्या बहिणीनं यातलं शेवटचं केलंच.

मला वाटतं, तीनच गोष्टी व्हायला हव्यात, आणि त्यातली एकही महागडी नाही. मेडिकल, मेयो, डागा ही आपली सरकारी रुग्णालयं नागपूरच नव्हे तर अख्ख्या पूर्व विदर्भाचा भार उचलतात. आठवड्यातला एक ठरलेला दिवस या कामासाठी ठेवला आणि तो जाहीर केला, तर रामटेक-उमरेडची बाईसुद्धा तो गाठू शकेल, आणि शिकाऊ डॉक्टरांचे हातही तयार होतील. खासगी डॉक्टरांनी रिपोर्टवर ब्रीच दिसल्या दिवशी एक छापील पान हातात द्यावं, मराठीत: आपोआप किती फिरतात, मोक्सानं किती, हातानं किती, प्रत्येकाचे धोके काय. आणि अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांना केंद्रानं 2003 साली मान्यता दिली आहे, महाराष्ट्रानं स्वतंत्र कायदा करून परिषदही दिली आहे, तर त्या परिषदेनं आपल्या माणसांना ताकीद द्यावी की दुसऱ्या गटाचा आकडा सांगितल्याशिवाय पहिल्याचा सांगायचा नाही. मान्यता मागायची तर हिशेबही द्यावा लागतो.

मोक्सा करणाऱ्यांनी कुणाला करू नये, हेही त्याच पानावर यायला हवं. अंगावरून रक्त जात असेल, वार खाली असेल, जुळं असेल, रक्तदाब वाढलेला असेल, पाणी कमी असेल किंवा गेलेलं असेल, तर निखारा-बिखारा बाजूला ठेवून आधी दवाखाना. जुन्या मधुमेहानं पाय बधिर असलेल्या बाईला चटका कळत नाही. बंद खोलीतला धूर पोटातल्या जिवाला बरा नाही, हे वेगळं सांगायला नको. खिडकी उघडी हवी, मग बाहेर पंचेचाळीस का असेना. आणि बाळ उलटं असताना पाणी फुटलं तर नाळ पुढे सरकून दबण्याची भीती असते. अशा वेळी कळा येण्याची वाट बघत घरी बसायचं नाही.

एक गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. शेवटच्या महिन्यापर्यंत उलट्या राहिलेल्या बाळाच्या खुब्याचा सांधा उथळ राहण्याची शक्यता इतरांहून जास्त असते, मग ते सिझरनं आलेलं असो की कसंही. सहा आठवड्यांच्या सुमाराला खुब्याची सोनोग्राफी करून घ्यावी लागते. लवकर कळलं तर पट्ट्यानं बरं होतं, चालायला लागल्यावर कळलं तर ऑपरेशन. आपल्याकडे बाळाचे पाय सरळ करून घट्ट गुंडाळतात, मालिशवाली बाई पाय ओढून ओढून 'सरळ' करते. अशा सांध्यासाठी हे दोन्ही वाईट.

आमचं पुढे काय झालं? दहा दिवस कांडी जळली, बाळ जसं होतं तसंच. मग शहरातच ओळखीतून एक डॉक्टर सापडल्या, त्यांनी सदतिसाव्या आठवड्यात हातानं प्रयत्न केला. मी बाहेर उभी होते. बाळाचे दोन्ही पाय वर कानांपर्यंत ताणलेले होते, तसं बाळ फिरवायला अवघड जातं. दोनदा प्रयत्न करून त्यांनी हात काढून घेतले आणि भाचीला शांतपणे सगळं समजावून सांगितलं, वीस मिनिटं. भाची बाहेर आली ती रडत नव्हती. म्हणाली, "मावशी, आता सिझर मी करून घेऊन राहिले. आधी ते माझ्यावर येऊन राहिलं होतं." एकोणचाळिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. खुबे नीट आहेत, सोनोग्राफी झाली.

मुलगी दोन महिन्यांची असताना धुराची चौकशी करणाऱ्या काकूंचे यजमान एका सकाळी कमरेवर हात ठेवून, वाकून, दारात उभे राहिले. सिलिंडर उचलताना उसण भरली होती. पायाळू पोरीचा पाय पाठीला लावून मिळेल का, म्हणाले. आता ही पोरगी बूड खाली करून बसलेली, वर सिझरची, म्हणजे पायाळू धरायची की नाही, यावर घरात चांगला वाद झाला. शेवटी बहिणीच्या सासूबाईंनी निकाल दिला: पोटात होती तेव्हा पायाळू म्हणत होतो ना, मग लावा पाय. काका सोफ्यावर पालथे पडले, भाचीनं मुलीचं इवलंसं पाऊल त्यांच्या कमरेला टेकवलं. मुलगी झोपेतच होती. काका म्हणाले, "थोडं बरं वाटून राहिलं."

जावयानं लगेच विचारलं, "काका, आणि न लावता किती बरं वाटलं असतं?"